सोमवारी माग बंद असतात

मशीन यायच्या आधी आम्ही बिस्किटावर काम करायचो. हसण्यासारखं आहे, पण खरं आहे. तक्रार आलेल्या घरी जायचं, चटईवर बसायचं, पिशवीतून बिस्किटाचा पुडा काढायचा आणि मुलापुढे धरायचा. मूल थेट हात घालतं, की आधी घरातल्या कुणाच्या तोंडाकडे बघतं, की अर्धं खाऊन अर्धं खिशात घालतं, यावरून बरंच कळतं. पण "पोरानं बिस्कीट खिशात घातलं" हा काही बाल कल्याण समितीपुढे ठेवायचा पुरावा नव्हे. घरचे लोक वकील आणतात, गल्लीतला नगरसेवक आणतात, मूल घाबरून आपलीच साक्ष फिरवतं, आणि आपण पिशवी उचलून बाहेर पडतो. बाहेर आपल्या स्कूटरची हवा सोडलेली असते.

मी हेमलता मगदूम. पंचगंगेच्या काठच्या आमच्या यंत्रमागांच्या शहरात बाल संरक्षणाचं काम करते. कंत्राटी. दर अकरा महिन्यांनी मला एक दिवस कामावरून काढतात आणि पुन्हा घेतात, म्हणजे इतकी वर्षं नोकरी करूनही मी कायम नवीनच. लोक मला तोंडावर 'बाई' म्हणतात आणि मागे 'पोरं पळवणारी' म्हणतात. दोन्हीची सवय झाली आहे.

तर अशा आमच्या हातात एक दिवस केशलेख नावाचं मशीन आलं, आणि मला वाटलं, आता आपले दिवस फिरले.

केशलेखामागचं शास्त्र अवघड नाही. माणूस घाबरला, की मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचं रसायन रक्तात सोडतात. रक्तातून ते केसाच्या मुळात उतरतं आणि केस वाढताना त्यातच अडकून राहतं. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे वीतभर केसात दीडएक वर्षाची भीती साठलेली असते. हे शास्त्रज्ञांना पूर्वीपासून माहीत होतं, पण त्यांना केसाचे मोठे तुकडे करून महिन्यामहिन्याची सरासरी काढावी लागे. केशलेखाचा लेसर केस मुळापासून टोकापर्यंत सोलत जातो आणि जवळजवळ दिवसादिवसाचा हिशेब सांगतो. एखादा दिवस इकडे, एखादा तिकडे, एवढाच काय तो फरक. मुळाशी कालचा दिवस असतो म्हणून केस मुळासकट उपटून घ्यायचा. दहा केस पुरतात. पडद्यावर एक रेषा उमटते. मूल घाबरलं तिथे ती उसळते, शांत असलं तिथे सौम्य लहरत राहते. मग मशीन शेवटच्या सहा महिन्यांवरून रंग देतं. लाल आला तर मूल त्याच दिवशी घराबाहेर. हिरवा आला तर प्रकरण बंद.

पहिल्याच वर्षी एका वसतिगृहातल्या आठ मुलांचे केस घेतले. रखवालदार छळतो, या त्यांच्या बोलण्यावर तोपर्यंत कुणी विश्वास ठेवला नव्हता. आठही जणांच्या रेषा त्या रखवालदाराच्या पाळीला उसळत होत्या आणि तो रजेवर गेला की खाली येत होत्या. समितीपुढे वकिलाला बोलायला जागाच उरली नाही. त्या दिवशी मी ऑफिसात पेढे वाटले होते, हे मुद्दाम सांगते, कारण मशीनवर माझा राग पहिल्यापासून नव्हता.

पुढे काय व्हायचं तेच झालं. मशीन एवढं सांगतं तर माणसं कशाला हवीत, असं वरच्या कुणाच्या तरी डोक्यात आलं. आम्ही नऊ जण होतो, तिघं उरलो. जिथे बाप्या माणूस घरात असेल तिथे कार्यकर्तीनं एकटीनं जायचं नाही, हा नियम मात्र तसाच राहिला. तिघांत जोडी कुठली काढायची? मग आम्ही बाप्या माणूस घरात नसेल अशी वेळ धरून जाऊ लागलो. लोकही हुशार. केसांवरून कळतं म्हटल्यावर गल्लोगल्ली पोरांचे गोटे दिसायला लागले. कुणी नवस म्हणायचं, कुणी उवा म्हणायचं. गोटा केलेल्या मुलाचा केस घेता येत नाही, आणि केसाशिवाय तक्रार पुढे सरकत नाही.

अशा दिवसांत ईश्वरीची तक्रार आली.

ती तिसरीत होती. हात मोडून, प्लास्टर घालून शाळेत आली. तिच्या बाईंनी विचारलं तेव्हा "जिन्यावरनं पडले" म्हणाली. त्यांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, तर त्याच शब्दांत, त्याच सुरात तेच म्हणाली. वर्गात कुणी डबा सांडला, कुणी किंचाळलं, तरी ही मान वळवून बघत नाही, असंही त्या बाईंनी लिहिलं होतं. आठवड्यानं त्यांनी तक्रार मागे घेतली. त्यांच्या नवऱ्याला कुणीतरी रस्त्यात गाठलं होतं. पण तोवर तक्रार माझ्याकडे नोंदली गेली होती.

घर म्हणजे मागाच्या शेडवरची एक खोली. खाली माग चालू असले की वर फरशी थरथरते आणि बोलायचं तर ओरडून बोलावं लागतं. ईश्वरीचे वडील वारले होते. तिची आई प्रणाली खाली कांड्या भरायची, म्हणजे मागाच्या धोट्यात बसणाऱ्या नळ्यांवर सूत गुंडाळायची. दीड वर्षापूर्वी तिनं संग्रामशी लग्न केलं. संग्राम तिथला जॉबर. बिघडलेला माग दुरुस्त करणारा माणूस, त्यामुळे मालकाच्या गळ्यातला ताईत. खोली त्याच्या नोकरीवर मिळालेली.

मी गेले तेव्हा तो खाली पाळीवर होता. मी जुन्या सवयीनं बिस्किटाचा पुडा काढला.

ईश्वरीनं एक बिस्कीट घेतलं. कुणाकडे पाहिलं नाही, खिशात घातलं नाही. तिनं त्याचे तीन सारखे तुकडे केले. एक आईच्या हातावर ठेवला, एक वाटीत टाकला आणि म्हणाली, "पप्पांचा." मग उरलेला आपण खाल्ला.

"लई गुणाची हाय ओ," प्रणाली म्हणाली. "कशाचा म्हणून तरास न्हाई तिचा."

इतक्या वर्षांत बिस्कीट असं वाटणारं मूल मी पाहिलं नव्हतं.

मी तिचे दहा केस घेतले. मुळासकट केस उपटला की मोठं माणूसही 'स्स' करतं. ईश्वरी समोरच्या भिंतीकडे बघत बसली होती. पापणी लवली नाही.

रेषा पाहिली आणि माझी झोप उडाली. केसाच्या टोकाकडे, म्हणजे आईच्या लग्नाआधी, ती साधी लहरती होती. लग्नानंतर मात्र डोंगरामागून डोंगर. तीन-चार महिने नुसते कडे. मग ते डोंगर हळूहळू ठेंगणे होत गेले आणि पुढे काहीच नाही. सपाट. परीक्षा नाही, ताप नाही, दिवाळीचे फटाके नाहीत. हात मोडला तो दिवसही मी शोधून काढला. हाड मोडलं त्या दिवशीसुद्धा रेषा सपाट होती.

मशीननं हिरवा रंग दिला.

आमच्या समितीच्या अध्यक्षा पोतनीस मॅडम. निवृत्त प्राध्यापिका, स्वभावानं प्रेमळ, कुणावर खेकसणं नाही. त्यांना खलनायिका करता आलं असतं तर माझं काम सोपं झालं असतं.

"हेमलताबाई, यात मला उलट चांगलं दिसतंय," त्या म्हणाल्या. "नवा माणूस घरात आला, मुलगी बावरली. मग रुळली. बघा ना किती शांत आहे."

"मॅडम, हात मोडल्यावर कुणी शांत असतं का?"

"मोडला तो जिन्यावरून पडून. मुलगी तसं सांगते, दवाखान्याचा कागद तसं सांगतो, आणि आता मशीनही म्हणतं की ती कुणाला घाबरत नाही. तुमच्याकडे दुसरं काय आहे?"

माझ्याकडे वाटीतला बिस्किटाचा तुकडा होता. तो मी सांगितला. मॅडम हसल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. पण त्यांनी लिहूनही घेतला नाही.

मग मी पुण्याला डॉक्टर रेहाना तांबोळींना फोन लावला. केशलेख ज्यांनी घडवला त्यांच्यात त्या होत्या. मला वाटलं होतं, मोठी माणसं, फोन उचलायच्या नाहीत. त्यांनी उचलला आणि रेषा मागवून घेतली. थोड्या वेळानं त्यांचाच फोन आला.

"तुम्ही म्हणता ते बरोबर असणार," त्या म्हणाल्या. "असं होतं. धोक्याची घंटा रोज वाजायला लागली की शरीर एक दिवस घंटाच बंद करून टाकतं. ग्रंथी रसायन सोडायचंच थांबवते. मूल मग घाबरत नाही. खरं म्हणजे त्याला फारसं काहीच होत नाही, आनंदही नाही. वरून ते गुणी दिसतं."

"मग मशीनला हे कळत कसं नाही?"

"मशीनला आम्ही शिकवलं ते घाबरलेल्या मुलांच्या आणि खुशाल मुलांच्या रेषांवरून. अशी मुलं आमच्याकडे फार थोडी आली. त्यांच्याबद्दल कुणी तक्रारच करत नाही ना. पुढच्या फेरतपासणीत मी हा मुद्दा घालीन. दोन-तीन वर्षं लागतील."

"तोपर्यंत?"

"ग्रंथी पुन्हा जागी होऊ शकते. मुलाला एक विश्वासाचं माणूस लागतं. नेमानं येणारं, रागावत नाही असं. तेवढ्यानंही काही महिन्यांत रेषा हलायला लागते."

"म्हणजे तिला परत भीती वाटायला लागेल?"

"हो. ती बरं होण्याची खूण आहे."

"आणि मी जायचं बंद केलं तर?"

"तर शरीर पुन्हा घंटा बंद करील. त्याला ते आता येतं."

फोन ठेवून मी मनाशी हिशेब मांडला. मुलगी त्या घरात आहे. तिला तिथून काढायचं तर रेषा लाल व्हायला हवी. रेषा लाल व्हायची तर तिला आधी घाबरता यायला हवं. म्हणजे आज जे तिला लागत नाही ते लागायला लावायचं, आणि तेही त्याच घरात ठेवून. कुठल्या देवाला विचारायचं हे? मी प्रणालीच्या बहिणीला गडहिंग्लजला फोन केला. ती म्हणाली, "बाई, कागद करा, मी आजच्या आज येऊन न्हेतो पोरीला. माझी दोन हाईत, तिसरी जड न्हाई मला." ते ऐकून मी ठरवलं.

पोतनीस मॅडमकडे जाऊन मी सहा महिन्यांच्या भेटींची परवानगी मागितली. त्यांनी दिली. "तुमचं मन राहत नाही ना, जा. सहा महिन्यांनी पुन्हा केस घेऊ. लाल आला तर मी त्याच दिवशी मावशीच्या नावानं आदेश काढते," असा शब्दही दिला.

मी रविवार धरला. कारण साधं होतं. रविवारी शाळा नसते आणि माग चालू असतात, म्हणजे ईश्वरी घरी आणि संग्राम खाली. आमच्या भागातल्या मागांना सुट्टी सोमवारी. विजेचा भार वाटून घ्यायला प्रत्येक भागाला आठवड्यातला एक दिवस बंद ठेवावा लागतो, तो आमच्याकडे सोमवार. सोमवारी सगळा भाग चिडीचूप असतो आणि बाप्ये घरी असतात. त्या दिवशी एकटीनं जायचं नाही, हा नियम वर सांगितलाच.

पहिले काही रविवार मी तिचे केस विंचरले. दुसरं काही सुचेना. ती पाठमोरी बसायची, मी तेल लावायचे, दोन वेण्या घालायचे. फरशी थरथरत असायची. बोलणं होत नसे, आणि ते एका परीनं बरंच होतं. बिस्किटाचे तीन तुकडे व्हायचे, वाटीत एक पडायचा.

मग एका रविवारी फणी गुंत्यात अडकली आणि ईश्वरी ओरडली, "आई गं! हळू की ओ बाई!"

मला इतका आनंद झाला की मी तिचा मुकाच घेतला. प्रणालीला वाटलं असेल, बाईला वेड लागलं.

त्यानंतर ती भराभर बदलली. बिस्कीट अख्खं खाऊ लागली, दुसरं मागू लागली. खालचा माग कुठला बिघडलाय हे फरशीच्या थरथरण्यावरून ओळखायचा खेळ तिनं मला शिकवला. मी नेहमी हरायचे. गडहिंग्लजच्या मावशीकडे म्हैस आहे का, असं एकदा तिनं आपणहून विचारलं. मी म्हटलं, आहे, आणि रेडकूही आहे. म्हैस आहे की नाही ते मला ठाऊक नव्हतं. संध्याकाळी फोन करून विचारलं. होती.

आणि मग ती मला सोडेना झाली. मी उठले की पिशवीचा बंद धरायची. "आज जाऊ नगासा," म्हणायची. पाय थरथरत असायचे, आणि ते मागांमुळे नव्हतं. मी बंद सोडवून घ्यायचे आणि जिना उतरायचे. आपल्याच हातानं आपण हे करतो आहोत, हे मला उतरताना प्रत्येक पायरीला कळत होतं. एका रविवारी तिच्या दंडावर पट्ट्याचा वळ दिसला. मागाचा चामडी पट्टा असतो तसा रुंद. "पडले," ती म्हणाली, पण या वेळी म्हणताना रडली. मी त्याचा फोटो समितीला पाठवला. उत्तर आलं, केसाच्या तपासणीबरोबर एकत्रित विचार करू.

प्रणालीला मी जिन्यात गाठून विचारलं, "तू का गप्प आहेस गं?"

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाई, तुमी जाता निगून. आमाला हितंच ऱ्हायाचं हाय. पयलं ती गप बसायची तर चार दणक्यांत भागायचं. आता रडती, तर त्यो जास्तच चिडतोय. तुमी काय केलंयसा माझ्या पोरीला?"

संग्राम मला एकदाच भेटला. शेडच्या दारात तेलाचे हात पुसत उभा होता. मवाळ आवाज, चेहऱ्यावर हसू. "बाई, सारखं रविवारीच येता म्हणं. एकदा सोमवारी या की. मी असतो घरात. च्या घेऊ निवांत."

सहा महिने भरले. मी ईश्वरीचे दहा केस घेतले. प्रत्येक केसाला ती कळवळली, आणि मी प्रत्येक केसाला मनात म्हणत होते, एवढंच बाळा, एवढंच, आता म्हैस बघायला जायचंय.

रंग लाल आला.

सांगायला लाज वाटते, पण मी ऑफिसात टाळी वाजवली. मावशीला फोन करून सांगितलं, उद्या सकाळच्या गाडीनं निघा. मग मी अहवालाचं पुढचं पान उघडलं.

लाल रंग आला की भीतीचं मूळ कुठे आहे हेही मशीन शोधतं. शाळेच्या परीक्षा, आजारपणं, घरातले प्रसंग, सगळं त्यात भरलेलं असतं. माझ्या भेटीही माझ्या फोनवरून आपोआप नोंदल्या जात होत्या. मशीननं रेषेतल्या उसळ्या आणि या नोंदी शेजारी ठेवल्या. प्रत्येक उसळी रविवारला चिकटून होती. खाली लिहिलं होतं: भीतीचं संभाव्य कारण, कार्यकर्तीच्या भेटी.

पोतनीस मॅडमसमोर मी अक्षरशः हात जोडले.

"मॅडम, रविवार नाही तो, सोमवार आहे. केसात एखादा दिवस इकडेतिकडे होतो. सोमवारी माग बंद असतात. तो घरी असतो. आमच्या भागात सुट्टी सोमवारी, हे त्या मशीनला कुणी सांगितलेलंच नाही."

मॅडमनी चष्मा काढला. त्यांनी खरंच विचार केला, एवढं मी म्हणेन. मग जुनी रेषा आणि नवी रेषा शेजारी ठेवल्या.

"हेमलताबाई, मागांची सुट्टी यंदा नवीन सुरू झाली का?"

"नाही."

"म्हणजे गेल्या वर्षीही सोमवार होते, तो माणूसही घरीच होता. तेव्हा ही रेषा सपाट आहे. तुम्ही जायला लागल्यावर ती उसळायला लागली. यात नवीन फक्त तुम्ही आहात." त्यांचा आवाज मऊ होता. "तुमचा हेतू चांगला होता. पण मुलीला घरातून काढलं जाईल ही भीती तुम्ही तिच्या मनात घातलीत. मावशी, म्हैस, काय काय सांगितलंत. आईनं तसा जबाब दिला आहे."

"आणि तो वळ?"

"मुलगी म्हणते पडले."

मी डॉक्टर तांबोळींचं नाव घेतलं. मॅडमनी माझ्यासमोर त्यांना फोन लावला. डॉक्टर बाई प्रामाणिक. हे घडू शकतं, असं त्यांनी सांगितलं. या मुलीच्या बाबतीत घडलंच आहे, असं खात्रीनं सांगता येईल का, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, नाही, तेवढा पुरावा आमच्याकडे अजून नाही. खरं तेच बोलल्या. त्या खोलीत कुणीच खोटं बोलत नव्हतं.

आदेश निघाला. भेटी तत्काळ बंद. प्रकरण बंद. दुसरी तक्रार आल्यास ती दुसऱ्या कार्यकर्तीकडे द्यावी. मावशी सकाळच्या गाडीनं येऊन बसली होती. तिला मी स्टँडवर चहा पाजला आणि परतीच्या गाडीत बसवून दिलं. तिनं ईश्वरीसाठी खरवस आणला होता. तो माझ्या हातात देऊन ती म्हणाली, "तुमी तर पोचवा."

प्रकरण बंद करताना आईची सही घ्यायला एकदा जाता येतं. तेवढी एक वाट होती. मी रविवारीच गेले. मुद्दाम नव्हे, पाय आपोआप वळले.

प्रणालीनं दार उघडलं आणि बाजूला झाली. ईश्वरी चटईवर बसली होती. डोक्याचा गोटा केलेला, वर हळद लावलेली.

"देवाला दिलं केस," प्रणाली म्हणाली. "नवस हुता ह्यांचा."

आता केस वाढून घेण्याजोगे होईपर्यंत कुणाचीच तक्रार पुढे जाणार नव्हती. आणि ते वाढतील तेव्हा त्यांत काय असेल, ते मला ठाऊक होतं. प्रणालीनं सही केली आणि ती खाली कांड्या भरायला निघून गेली. जाताना म्हणाली, "बसा घटकाभर. त्यो पाळीवर हाय."

मी खरवसाचा डबा उघडून ठेवला. तिनं बघितलंसुद्धा नाही. मग मी बिस्किटाचा पुडा काढला. तिनं एक घेतलं आणि त्याचे तीन तुकडे केले.

"ईश्वरी," मी म्हटलं, "मी आता येणार नाही बाळा. मला येऊ देत नाहीत."

"म्हाईत हाय मला." खाली कुठलातरी माग अडखळत होता. एरवी तिनं कुठला ते सांगितलं असतं. मग ती जवळ सरकली आणि मागांच्या आवाजात मला ऐकू जावं म्हणून माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, "बाई, एक सांगू? तुमी येत नव्हतासा तवा मला काय वाटत न्हवतं. पप्पा काय बी करू देत, मी भित्तीकडं बघायची, झालं. आता सोमवार आला की लई भ्या वाटतंय. पोटात कळ येती. तुमी आणलंय ते. जाताना ते घिऊन जावा की."

माझ्या बावीस वर्षांच्या कामात माझ्याकडे कुणी इतक्या साध्या शब्दांत काही मागितलं नव्हतं.

मी तिच्या हळद लावलेल्या डोक्यावर हात ठेवला. खुंट हाताला टोचत होते.

"जाईल गं," मी म्हटलं. "मी यायची थांबले की थोड्या दिवसांनी आपोआप जाईल."

"नक्की?"

"नक्की."

हे मात्र खरं होतं. डॉक्टर बाईंनी तसं सांगितलं होतं.

ईश्वरीनं मान डोलावली. तिचं समाधान झालेलं दिसलं. मग तिनं वाटीतल्या पप्पांच्या तुकड्यावर माशा बसू नयेत म्हणून ताटली झाकली आणि भिंतीकडे तोंड करून बसली.